दोन नळ्यांची जावा : मूळ पाठ आणि प्रक्षेप

जुनी पोथी शुद्ध करून छापणे आणि जुनी मोटारसायकल दुरुस्त करून रस्त्यावर आणणे या दोन उद्योगांत काही नाते असेल, असे आम्हांला काही वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. यवतमाळच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९७२ साली तयार झालेली २५० सी.सी.ची जावा कित्येक वर्षे गोणपाटाखाली उभी होती. ती आमच्या वडिलांची. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात विस्तार अधिकारी म्हणून घाटंजी, पांढरकवडा, आर्णी या बाजूच्या शाळा त्यांनी तिच्यावरूनच तपासल्या. ते गेल्यानंतर ती पुन्हा चालू करावी असे आम्ही ठरवले. हा लेख लिहिणारे आम्ही दोघे भाऊ. थोरला महाविद्यालयात मराठी शिकवतो, धाकट्याचा कापसाच्या व्यवहाराशी संबंध येतो. पुढील मजकुरात 'आम्ही' या सर्वनामाआड जिथे एकमत दिसेल तिथे ते भांडणानंतरचे आहे, असे वाचकांनी समजावे.

रंग, सीट, चाकांच्या तारा, बोअर आणि पिस्टन यांबद्दल वाद झाला नाही. वाद लागला तो गाडीच्या श्वासाबद्दल. आत हवा-पेट्रोल घेणारा कार्ब्युरेटर आणि फिल्टर कोणता ठेवायचा, आणि बाहेर धूर टाकणारे दोन सायलेन्सर कोणते बसवायचे? कारखान्याने दिलेले, वडिलांनी नंतर बसवलेले, की आज बाजारात मिळणारे अधिक ताकदीचे? धाकट्याचा कल तिसऱ्या पर्यायाकडे होता. थोरल्याला पहिला आणि दुसरा यांत निवड करता येईना, आणि ही अडचण आपल्याला ग्रंथालयात पूर्वी भेटलेली आहे, हे त्याच्या हळूहळू लक्षात आले.

टू-स्ट्रोक इंजिनात हा प्रश्न एवढा मोठा का होतो, हे आधी सांगितले पाहिजे. चार स्ट्रोकच्या इंजिनाला दारे आहेत. झडपा उघडतात, मिटतात. कोणी केव्हा आत यायचे आणि केव्हा बाहेर जायचे याचा बंदोबस्त यंत्रच करते. टू-स्ट्रोक इंजिनाला, निदान आमच्या जावासारख्या जुन्या इंजिनाला, दरवानच नाही. सिलिंडरच्या भिंतीत भोके आहेत, आणि खालीवर जाणारा पिस्टनच ती झाकतो किंवा उघडी करतो. जळालेला धूर बाहेर निघत असतानाच ताजे मिश्रण आत शिरते. पाहुणे निघाले आहेत आणि त्याच दारातून नवे पाहुणे येत आहेत, असा प्रकार. त्या गर्दीत थोडे ताजे मिश्रण धुराबरोबर न जळताच निघून जाते. या इंजिनाची पेट्रोलची हाव आणि निळा धूर या दोहोंचे मूळ बरेचसे इथे आणि पेट्रोलमध्ये मिसळाव्या लागणाऱ्या तेलात आहे. म्हणून या इंजिनात सायलेन्सर हा केवळ आवाज दाबणारा डबा नसतो. तो बदलला की इंजिनाचे चारित्र्य बदलते.

या यंत्राचा इतिहास आम्ही उलगडत गेलो तेव्हा तो एखाद्या पोथीच्या प्रतपरंपरेसारखा दिसू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ड्यूगल्ड क्लार्कने दोन फेऱ्यांचे इंजिन केले. त्यानंतर बाथ येथील जोसेफ डे याने खालच्या क्रॅंककेसचाच पंपासारखा उपयोग करून ते सोपे केले. १९२०च्या दशकात जर्मन अभियंता अडोल्फ श्न्यूर्ले याने ताजे मिश्रण मागच्या भिंतीकडे फेकून, तिथून वर वळवून आणण्याची युक्ती काढली, म्हणजे ते सरळ धुराच्या दाराकडे धावत नाही. झ्शोपाऊच्या डी.के.डब्ल्यू. कंपनीने ती आपल्या मोटारसायकलींत वापरली. या कंपनीचे आर.टी. १२५ हे मॉडेल दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांच्या हाती पडले आणि त्याच्या नकला निघाल्या. इंग्लंडात बी.एस.ए. बॅंटम, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची छोटी गाडी, रशियात मॉस्क्वा, आणि १९५५ साली जपानमध्ये यामाहाची पहिली मोटारसायकल वाय.ए.-१. एकाच मूळ पाठाच्या चार देशांतल्या चार प्रती, प्रत्येकीत स्थानिक लेखनिकाच्या हातचे फरक. जावाचे घराणे या मातृकेपासून वेगळे. प्रागच्या फ्रॅंटिशेक यानेचेक याने जर्मन वांडरर कंपनीचा परवाना घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. परवाना घेऊन नकलणे ही परंपरा पुढे म्हैसूरलाही आली. १९६१ साली इराणी कुटुंबाच्या कारखान्यातून भारतीय जावा बाहेर पडू लागल्या, आणि १९७३पासून त्याच गाडीच्या टाकीवर 'येझ्दी' हे नाव आले. त्याच १९७३ साली यवतमाळात ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले होते, आणि 'बॉबी' चित्रपटाने राजदूतच्या चिमुकल्या जी.टी.एस. १७५ला देशभर प्रसिद्धी मिळवून दिली होती. गावातल्या तरुणांनी त्या वर्षी दोहोंपैकी कशाची चर्चा अधिक केली असेल, हे आम्ही वाचकांच्या तर्कावर सोडतो.

आमच्या गाडीचे सिलिंडर एकच, व्यास ६५ आणि धाव ७५ मिलिमीटर. परंतु धुराची दारे दोन, नळ्या दोन आणि सायलेन्सरही दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे. जावाची ही ओळखच. २०१८ साली याच नावाने नवी चार-स्ट्रोक गाडी बाजारात आली तेव्हा एका सिलिंडरच्या त्या गाडीलाही दोन सायलेन्सर होते. दुसऱ्या नळीची गरज आता यंत्रापेक्षा स्मृतीला अधिक होती. चिन्ह उरते आणि त्याचे कारण मागे पडते, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना नवे नाही.

आता त्या 'अधिक ताकदीच्या' नळीविषयी. सिलिंडरचे दार उघडले की दाबाची एक लाट नळीतून धावत निघते. नळी जिथे रुंद होत जाते तिथून ओढ घेणारी उलटी लाट परत येते आणि उरलासुरला धूर खेचते. जिथे ती पुन्हा अरुंद होते तिथून ढकलणारी लाट परततो आणि दाराबाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. दार मिटण्याच्या ऐन क्षणी ही लाट पोहोचली पाहिजे. हे तत्त्व शर्यतीच्या गाड्यांत सर्वांत कसोशीने उतरवले ते पूर्व जर्मनीतील झ्शोपाऊच्याच एम.झेड. कारखान्यातल्या वॉल्टर काडेन याने. युद्धकाळात तो हेन्शेल कंपनीत उडत्या बॉंबच्या प्रकल्पावर होता. तुटपुंज्या साधनांनिशी त्याने दोन शंकू पाठीला पाठ लावून जोडल्यासारखी पोटाळ नळी घडवत नेली आणि १९६१ साली १२५ सी.सी.च्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढली. लिटरमागे २०० अश्वशक्तीचा पल्ला त्याने गाठला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरात स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला; १९६२चे ५० सी.सी.चे जागतिक अजिंक्यपद त्याने सुझुकीवर मिळवले. ज्ञान सीमा ओलांडते ते नेहमी ग्रंथातूनच असे नाही. कधी ते एका माणसाच्या डोक्यातून जाते. जपानी कंपन्यांनी पुढे या शंकूंना सभ्य वेष चढवला. भारतात १९८५ साली आलेल्या यामाहा आर.एक्स. १००च्या सरळ, चकचकीत सायलेन्सरच्या पोटातही हीच लाटांची विद्या दडलेली होती, आणि आत घेण्याच्या बाजूला रीड व्हॉल्व्हच्या पातळ पात्या होत्या, ज्या मिश्रणाला आत येऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. ९८ सी.सी.ची ती गाडी ११ अश्वशक्ती देई. आमच्या २५० सी.सी.च्या जावाची १२ होती. धाकट्याचा युक्तिवाद या दोन आकड्यांवर उभा होता, आणि तो खोटा नव्हता.

पण लाट ही वेळेची गुलाम आहे. आम्ही एका संध्याकाळी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला. जावाचे इंजिन पूर्ण ताकद देते ते मिनिटाला ४७५० फेऱ्यांना, म्हणजे एक फेरी सेकंदाच्या सुमारे ऐंशीव्या भागात. त्यातले दीडशे अंश धुराचे दार उघडे राहते असे मानले, तर लाटेला जाऊन येण्यासाठी साधारण सव्वापाच मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ती जाऊन-येऊन अडीच मीटरांहून थोडे अधिक चालेल, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास लांबीची नळी हवी. घाट चढताना मात्र इंजिन ३००० फेऱ्यांवर येते. तिथे लाट वेळेवर परतायची तर नळी दोन मीटरांची, म्हणजे जवळजवळ गाडीएवढीच लांब लागेल. शर्यतीच्या आखूड नळीची लाट अशा वेळी फार लवकर परतते आणि मदत करण्याऐवजी वाटेत आडवी येते.

यवतमाळ पठारावर आहे. कोणत्याही बाजूने बाहेर पडा, कुठे ना कुठे उतार उतरावा लागतो आणि परतताना तो चढावा लागतो. एका मित्राने हौसेने करून घेतलेल्या शंकूच्या दोन नळ्या आम्ही चार दिवसांसाठी मागून आणल्या आणि आर्णी रस्त्याच्या चढावर प्रयोग केला. सपाटीवर, वेग वाढल्यावर, गाडी अशी उसळली की धाकटा खूश झाला. चढ लागताच ती मेली. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडे, चौथ्यात टाकले की गुडघे टेके. या जुन्या गाडीच्या चार गिअरांतली अंतरे मोठी, आणि नळीला आवडणाऱ्या वेगाची पट्टी अरुंद. आमच्या मिस्त्रींनी तेवढ्यात विचारले, "गाडी चालवायची हाय का ऐकवायची हाय, भाऊ?" नळ्या दुसऱ्या दिवशी परत गेल्या.

तिसरा पर्याय असा निकालात निघाला. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

वडिलांना हिशेब लिहून ठेवण्याची सवय होती. पेट्रोलच्या, टायरच्या आणि दुरुस्तीच्या नोंदींच्या त्यांच्या चार वह्या आम्हांला सापडल्या. त्यांवरून असे दिसले की आम्ही जिला मूळ गाडी समजत होतो ती मूळ नव्हतीच. १९८१ साली त्यांनी दोन्ही सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून टाकल्या होत्या. तेलमिश्रित पेट्रोलचा काजळीसारखा कार्बन जाळीत धरतो, वाट कोंदते, गाडी ओढत नाही. जाळी बाहेर काढून जाळणे, खरवडणे हे ठरावीक काळाने करावे लागणारे काम. दौऱ्यावरच्या माणसाला तेवढा वेळ कुठला? जाळ्या गेल्या, आवाज वाढला. १९८६ साली मूळचा जिकॉव्ह कार्ब्युरेटर झिजला म्हणून मिकुनी पद्धतीचा देशी बनावटीचा कार्ब्युरेटर बसला. पुढे डावा सायलेन्सर कुजला, तेव्हा येझ्दीचा आला. आम्हा भावंडांच्या लहानपणीची गाडी, जिचा भडाभडा आवाज कोपऱ्यावर आला की आम्ही पत्ते आवरून पुस्तके उघडत असू, ती ही सुधारून वाढवलेली प्रत होती.

मग पुनरुज्जीवन कोणत्या पाठाचे करायचे? कारखान्यातून निघालेल्या १९७२च्या गाडीचे, की वडिलांच्या हातून शेवटी राहिलेल्या गाडीचे? मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न ज्ञानेश्वरीपासून परिचित आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिच्यात लोकांच्या हातून शिरलेले फरक त्यांना खटकत होते. वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती मात्र एकनाथांच्याही मागे जाऊ पाहणाऱ्या प्रतीवरून. शुद्ध केलेलाही पाठ मूळ असतोच असे नाही, हा त्यामागचा संशय. आणि आमच्या विदर्भातल्या लीळाचरित्राची कथा तर याहून विलक्षण. परंपरा सांगते की म्हाइंभटांची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि पुढच्या मंडळींनी ती आपापल्या स्मृतीतून पुन्हा उभी केली. वि. भि. कोलत्यांसारख्या संपादकापुढे मूळ ग्रंथ नव्हताच. आठवणींच्या अनेक प्रती होत्या.

भांडारकर संस्थेच्या महाभारताचे उदाहरण आम्हांला अधिक उपयोगी पडले. वि. स. सुकथनकरांनी संपादित केलेल्या आदिपर्वात गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मुख्य पाठात नाही. ती परिशिष्टात आहे. घरोघर लाडकी असलेली कथा, पण प्रतींची साक्ष तिच्या बाजूने नाही. सुकथनकरांनी ती फेकून दिली नाही आणि आतही घेतली नाही. वडिलांचा कार्ब्युरेटर ही आमची गणपतीची कथा होती.

थोरल्याने एवढे सगळे मांडल्यावर धाकट्याने विचारले की, परिशिष्टावर गाडी चालते का? प्रश्न रास्त होता. ग्रंथाला धावावे लागत नाही, यंत्राला लागते. जिकॉव्हची सरकती स्लाइड झिजली की तिच्या बाजूने चोरवारा आत शिरतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, असे मिश्रण झाले की टू-स्ट्रोक इंजिन तापते, कारण मिश्रणातले तेल हेच त्याचे वंगण. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. मग पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचे चाक एकाएकी जाम होते. उघड्या शंकूच्या फिल्टरबाबत हाच धोका दुप्पट. दिसायला देखणा तो खरा, पण हवा मोकाट येऊ देतो म्हणून मोठा जेट घालावा लागतो, आणि आमच्याकडची काळ्या मातीची उन्हाळी धूळ आणि जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे कापसाचे तंतू त्याच्या पदरात आधी पडतात. सीटखालच्या पेटीत दडलेला जुना फिल्टर कुरूप आहे, पण ती पेटी हवेची चाल शांत करते आणि धुळीला वळसा घालायला लावते. तो आम्ही एकमताने ठेवला. भांडणाशिवायचे एवढे एकच एकमत.

आणखी एक गोष्ट जुन्या पुस्तिकांत सापडत नाही. २०२५पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल स्वतःच प्राणवायू बरोबर आणते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आणखी विरळ होते. ते पाणी शोषते, आणि जुन्या रबरी नळ्या-वायशर त्याच्यापुढे टिकत नाहीत. १९७२चा जेट जसाच्या तसा ठेवणे म्हणजे शब्द तेच ठेवून अर्थ बिघडवणे. झिजलेला जिकॉव्ह आम्ही स्वच्छ करून, तेल लावून डब्यात ठेवला. वडिलांचा कार्ब्युरेटर गाडीवर राहिला, एक अंक मोठ्या जेटसह. प्लग काढून रंग पाहिला. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, काजळी धरली असेल तर जास्त. तिसऱ्या खेपेला तो भाजलेल्या कॉफीसारखा निघाला तेव्हा मिस्त्रींनी हात पुसले.

सायलेन्सरबद्दल कायद्याचीही एक बाजू निघाली. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकींना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेण्याची सोय झाली. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. सरकारलाही पाठशुद्धीत रस असतो हे पाहून थोरल्याला गंमत वाटली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी मात्र काढता येत नाही. त्या नोंदणीकडे आम्ही अजून वळलेलो नाही. परंतु मूळ घाटाचे दोन लांब सायलेन्सर बसवण्याच्या बाजूने हे एक वजन पडले, हे खरे.

तरीही जाळ्यांचे भांडण मिटेना. नव्या सायलेन्सरमध्ये जाळ्या होत्या. त्या ठेवल्या तर आवाज घुमा, बारीक. काढल्या तर आमच्या लहानपणीचा भडाभडा. इथे धाकटा आणि थोरला आश्चर्यकारकरीत्या एका बाजूला होते: जाळ्या काढाव्यात. ताकदीचा प्रश्न नव्हता. वडील ज्या आवाजात घरी येत तो आवाज आम्हांला हवा होता, आणि त्यासाठी सुकथनकर बाजूला ठेवायची आमची तयारी होती. फक्त पहिली फेरी जाळ्यांसह मारून पाहू, असे मिस्त्रींच्या आग्रहावरून ठरले.

त्या संध्याकाळी धाकट्याने गाडी काढली. किकचाच दांडा पुढे टाकला की गिअरचा दांडा होतो, ही जावाची खोड त्याच्या पायाला आठवायला दोन मिनिटे लागली. गोधणी रस्त्याला एक चक्कर मारून तो परतला तेव्हा आई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. आम्ही तिला सांगू लागलो की अजून आवाज बरोबर नाही, जाळ्या काढल्या की बाबांच्या गाडीसारखा येईल. तिने हात थांबवला. इंजिन चालूच ठेवायला खूण केली आणि थोडा वेळ ऐकत राहिली.

"हाच होता," ती म्हणाली. "तुम्ही नव्हते झाले तेव्हा. तो फाटका आवाज तर मागाहून झाला. मी किती म्हटलं होतं यांना, जाळ्या नका काढू."

१९८१पूर्वीच्या प्रतीचा साक्षीदार घरातच आहे, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. जाळ्या राहिल्या. मिस्त्रींनी त्या तीन महिन्यांनी काढून जाळायला सांगितल्या आहेत. वडिलांच्या चौथ्या वहीत बरीच पाने कोरी होती. त्यांत आता कार्ब्युरेटर, जेट आणि सायलेन्सर यांच्या नोंदी तारखेसह आमच्या अक्षरात चढल्या आहेत. आईने त्या वाचून घेतल्या आणि विचारले, "पेट्रोलात ऑईल टाकलं ना?"